वाचकांचे प्रश्न: भूतानला जाताना खिशात काय असावं?

मागच्या अंकात भूतानवर चार पानं लिहिली आणि महिनाभर पत्रं येत राहिली. निपाणी, चिकोडी, खानापूर, हुक्केरी, आणि आमच्या शहापूर-वडगावातून तर दारावर येऊन विचारणारे. त्यातले निम्म्याहून अधिक प्रश्न पैशाचे होते. ते मला आवडलं. मी एकतीस वर्षं बँकेत रोखपाल होते. नवी नोट हातात आली की ती उजेडात धरून पुढून-मागून बघायची सवय अजून गेलेली नाही. भूतानला मी दोनदा गेले, मे २०१९ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये. खाली जे आकडे देते आहे ते मी स्वतः मोजलेल्या पैशांचे आहेत. नियमांची मात्र निघण्याआधी एकदा खात्री करून घ्या, कारण या दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात बरंच बदललं.

निपाणीहून एक निवृत्त शिक्षक लिहितात: "माझ्या पासपोर्टवर जन्मगाव ‘बेळगाम’ आहे, मतदार ओळखपत्रावर ‘बेळगावी’. शिवाय ओळखपत्रावर आडनाव नाही, नुसतं वडिलांचं नाव. आधार कार्ड दाखवलं तर चालेल ना?"

गुरुजी, आधार चालत नाही. हे मी ठळक अक्षरात लिहून घ्या म्हणेन. भारतीयांना भूतानमध्ये शिरायला दोनच कागद चालतात: किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट, नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. दोन्हींची मूळ प्रत लागते, झेरॉक्स नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी जन्मदाखला आणि सोबत आई-वडील. आपल्याकडचा दाखला कन्नड-इंग्रजी असतो, तो चालतो.

गावाच्या नावाची काळजी करू नका. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं अधिकृत नाव बदललं, तेव्हापासून आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात दोन्ही नावांचे कागद आहेत. माझ्याही आहेत. तिथल्या खिडकीवर कुणी त्याबद्दल विचारलं नाही. अडचण माणसाच्या नावाची होते. आपलं मतदार ओळखपत्र आधी कन्नडमध्ये लिहिलं जातं, त्यावरून इंग्रजी, आणि त्यात आपल्या मराठी नावांचं काय काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. आमच्या गटातल्या एका वहिनींचं हॉटेलचं बुकिंग माहेरच्या आडनावानं, भूतानच्या प्रवेश परवान्याचा अर्ज सासरच्या आणि कार्डावर आडनावच नाही, असं झालं होतं. दोन तास गेले. म्हणून जो कागद घेऊन जाणार, त्यावर जसं नाव आहे अगदी तसंच सगळीकडे लिहा, एका अक्षराचाही फरक नको. तुमच्याकडे पासपोर्ट आहे तर पासपोर्टच न्या.

हुक्केरीहून एक दुकानदार: "तिकडे आपलेच पैसे चालतात असं ऐकलं. मग बदलून घ्यायची गरजच काय?"

बरोबर ऐकलंत. भूतानचं चलन ङुलट्रम. किमतीच्या पाटीवर नुसतं ‘नू’ लिहिलेलं असतं. १९७४ मध्ये हे चलन आलं आणि तेव्हापासून एक ङुलट्रम म्हणजे बरोबर एक भारतीय रुपया. आपला रुपया तिथे कायद्यानंही चालतो. ‘ङुल’ म्हणजे त्यांच्या भाषेत चांदी. आपला ‘रुपया’ही रौप्यावरूनच आलेला. हे मला राजधानी थिम्फूच्या एका दुकानात कळलं आणि त्या दिवशी मी किती खूश झाले म्हणून सांगू! दोन शेजाऱ्यांनी आपापल्या पैशाला एकच नाव ठेवलंय, चांदी.

तर, बदलून घ्यायची गरज नाही हे खरं. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, भारतातून जाताना शंभर आणि त्याखालच्या नोटा हव्या तितक्या नेता येतात. दोनशे आणि पाचशेच्या मिळून पंचवीस हजारांपर्यंतच. मी शंभराची दोन बंडलं नेली होती. ती फार उपयोगी पडली, कारण छोट्या दुकानात पाचशेची नोट काढली की समोरच्याची पंचाईत होते.

दोन, मोबाइलच्या भरवशावर जाऊ नका. जुलै २०२१ मध्ये आपलं यूपीआय तिथे सुरू झालं आणि रुपे कार्डही २०१९ पासून चालतं. पण सुरू होणं वेगळं आणि भाजीवालीकडे चालणं वेगळं. पारोच्या बाजारात सगळ्या दुकानांवर क्यूआर कोड लावलेले दिसतात, पण ते बहुतेक त्यांच्या बँकांच्या अ‍ॅपचे असतात. आपलं अ‍ॅप त्यावर धरलं तर काही होत नाही. मोठ्या हॉटेलात झालं, बाकी सगळीकडे रोख.

तीन, आणि ही माझी स्वतःची चूक आहे. तिथे रुपये दिले तरी सुटे परत मिळतात ते ङुलट्रममध्ये. २०१९ मध्ये परत येताना माझ्या पर्समध्ये ३,४०० ङुलट्रम उरले. वाटलं, एकास एक भाव, बेळगावात कुठेही बदलून घेऊ. कुठे बदलणार! इथल्या एका बँकेत गेले, मी त्या क्षेत्रात जन्म काढलेला, तरी काउंटरवरच्या मुलानं नोट उलटसुलट करून परत दिली. त्याची चूक नव्हती. सीमेवरच्या जयगावचे दुकानदार ङुलट्रम घेतात, त्याच्या पुढे मात्र कुणी नाही. शेवटच्या दिवशी जयगावला लागून असलेल्या भूतानच्या फुंटशोलिंगमध्येच उरलेले ङुलट्रम संपवा, नाहीतर दुकानदाराकडून रुपये मागून घ्या. माझे ते ३,४०० अजून घरी मंडिगेच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. त्यांचं काय करायचं ते शेवटच्या पत्राच्या उत्तरात येईलच.

आणखी एक सांगते, कारण तुम्ही व्यापारी आहात. ‘आपलेच पैसे’ हा शब्द मला थोडा खटकला. आमच्या गटातला एक तरुण थिम्फूच्या दुकानात मोठ्यानं म्हणाला, "यांचं सगळं आपल्याच रुपयावर चाललंय." दुकानातली बाई हिंदी समजत होती. ती काही बोलली नाही. तिनं त्याच्या पाचशेचे सुटे काढले, नोटा नीट एका दिशेला लावल्या आणि दोन्ही हातांनी, किंचित वाकून त्याच्यापुढे धरल्या. त्यानं एका हातानं, दुसऱ्या हातात मोबाइल धरून घेतल्या. मला इतकी लाज वाटली! एकतीस वर्षांत लाखो वेळा मी नोटा मोजून दिल्या, पण कधी अशा दिल्या नाहीत. तिथे देणं-घेणं दोन्ही हातांनीच करतात. तुम्हीही तसंच करा, एवढं माझं मागणं आहे.

शहापूरच्या एका वाचक ताईंचा प्रश्न: "आम्ही दोघं. सगळं मिळून किती खर्च येईल ते स्पष्ट आकड्यात सांगा. कुणी म्हणतं फुकट, कुणी म्हणतं लाख."

दोघंही आपापल्या काळाचं खरं सांगताहेत. २०१९ मध्ये आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना काही शुल्क नव्हतं. सप्टेंबर २०२२ पासून माणशी, दर रात्री १,२०० ङुलट्रम शुल्क आहे. त्याला शाश्वत विकास शुल्क म्हणतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, पाच वर्षांपर्यंतच्यांना माफ. इतर देशांच्या लोकांना याहून कितीतरी जास्त, दर रात्री १०० डॉलर आहे. तेव्हा आपल्याला लुटलं असं म्हणू नका. त्या देशात दवाखाना फुकट आहे आणि किमान साठ टक्के जमीन जंगलाखाली राहिलीच पाहिजे असं त्यांच्या राज्यघटनेत लिहिलेलं आहे. खानापूरच्या जंगलाचं काय होतंय ते बघणाऱ्या आपल्या माणसाला यातलं मोल कळावं.

२०२३ चा माझा हिशेब असा. आम्ही नवरा-बायको, सोबत आणखी एक जोडपं, गाडी आणि गाइड चौघांत वाटून. आदल्या रात्री जयगावला, म्हणजे भारतात झोपलो. मग भूतानात पाच रात्री. शुल्क दोघांचं १२,०००. खोल्या साध्या पण स्वच्छ, २,८०० प्रमाणे १४,०००. गाडीतला आमचा वाटा ८,७५०, गाइडमधला ३,०००. जेवणखाण ९,०००. तक्तसांग मठाचं तिकीट माणशी २,००० म्हणून ४,०००. बाकी मठ-किल्ल्यांची तिकिटं आणि चहापाणी ४,२५०. झाले ५५,०००. यात बेळगाव ते जयगाव जाणं-येणं नाही आणि खरेदी नाही. हातमागाच्या कापडाच्या दुकानात शिरण्याआधी, ताई, तुम्ही शहापूरच्या आहात म्हणून सावध करते: विणकाम बघून तुमचा हात आवरणार नाही. तिथलं चांगलं ‘किरा’चं, म्हणजे बायकांच्या वस्त्राचं, कापड एका विणकर बाईचे कित्येक महिने खातं आणि किंमतही तशीच असते. घासाघीस करू नका. मागावर बसणाऱ्या घरातल्या माणसाला हे मी सांगावं असं नाही.

तक्तसांगच्या २,००० बद्दल दोघातिघांनी कुरकूर लिहिली आहे. मठ १६९२ चा, तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर, खाली सरळ कडा. १९९८ मध्ये आगीत जळला आणि लोकांनी तो जसाच्या तसा पुन्हा उभा केला, २००५ मध्ये काम पुरं झालं. मी वर पोचायला साडेतीन तास घेतले. राजहंसगड चढून मला गुडघ्यांचा अंदाज होता, तो तिथे पार चुकला. घोडा अर्ध्या वाटेपर्यंतच जातो. पुढे पायऱ्या उतरायच्या, धबधब्याजवळून पलीकडे जायचं आणि परत चढायचं. पैसे वसूल झाले का असं विचाराल तर मी उद्या पुन्हा २,००० भरायला तयार आहे.

जाण्याची वाट: लोंढ्याहून अमरावती एक्स्प्रेस थेट कोलकात्याला. तिथून टॅक्सीनं सियालदा. सियालद्याहून रात्री कांचनकन्या एक्स्प्रेस, ती दुसऱ्या दिवशी हासिमाऱ्याला उतरवते. हासिमाऱ्याहून जयगाव जीपनं जेमतेम पाऊण तास. वेळ कमी असेल तर विमानानं बागडोगरा आणि पुढे गाडी.

चिकोडीहून: "आम्ही जैन. कांदा-लसूण नाही. उपाशी राहायची वेळ येईल का?"

येणार नाही, पण चार दिवस तेच तेच खावं लागेल. त्यांचं राष्ट्रीय पक्वान्न एमा दात्शी, म्हणजे मिरची आणि चीज. तोंडी लावायला नव्हे, मिरचीचीच भाजी. संकेश्वरी मिरचीवर वाढलेल्या माझ्याही डोळ्यांत पहिल्या घासाला पाणी आलं. त्यात कांदा-लसूण पडतो, म्हणून आधी सांगावं लागतं. बटाट्याची केवा दात्शी करून देतात, लाल तांदळाचा भात चांगला असतो. बटाटाही चालत नसेल तर मेतकूट, शेंगाचटणी आणि भडंग घरून न्या. फुंटशोलिंग आणि थिम्फूमध्ये भारतीय शाकाहारी खानावळी आहेत.

गोकाकहून एक तरुण: "स्वतःची बुलेट घेऊन जावं म्हणतो."

परवाना मिळतो, पण बाहेरच्या वाहनाला फुंटशोलिंगच्या पुढे दिवसागणिक वेगळं शुल्क आहे आणि ते थोडंथोडकं नाही. मी गाडी जयगावला ठेवून तिथलीच करायला सांगेन.

आणि दादा, एक गोष्ट तुझ्यासाठी म्हणून लिहिते. दोचुला खिंडीत एकशे आठ स्तूप आहेत, लढाईत गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेले. ऑक्टोबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेला एक दुचाकीस्वार शिडी लावून त्यातल्या एका स्तूपावर चढला आणि फोटो काढला. तो फोटो सगळीकडे फिरला. २०२३ मध्ये त्याच खिंडीत आमच्या गाइडला मी सांगितलं की आम्ही मराठी बोलतो, तर तो क्षणभर गप्प झाला आणि मग हळूच म्हणाला, "स्तूपाला डावीकडून प्रदक्षिणा घाला हं, मॅडम." आम्हाला ते माहीत होतं. पण त्यानं सांगावंसं वाटलं, याचं वाईट वाटलं. तू जाशील तेव्हा फोटो खालून काढ.

खानापूरच्या एका वाचक आजी: "साडी चालेल का? देवळात काही सोवळं-ओवळं असतं का?"

साडी उत्तम. मी दोन्ही वेळा साडीतच होते आणि शाळकरी मुलींनी माझ्याबरोबर फोटो काढून घेतले. मठात आणि झोंगमध्ये, म्हणजे त्यांच्या किल्ल्यासारख्या वाड्यांत, दंड झाकलेले असावेत, टोपी-छत्री नको, चपला दाराशी. गाभाऱ्यात फोटो काढायचा नाही. थिम्फू आपल्यापेक्षा खूप थंड आहे, ऑक्टोबरातही सकाळी शाल लागते. घड्याळ अर्धा तास पुढे करा, नाहीतर गाडीवाला खाली वाट बघत उभा राहील.

त्यांच्या कपड्यांकडे नीट बघा, आजी. बायकांचा किरा, पुरुषांचा घो. कचेरीत, शाळेत, मठात तोच घालावा लागतो. घो गुडघ्यापर्यंत वर ओढून कमरेला पट्ट्यानं आवळतात, त्यामुळे छातीवर एक मोठी पिशवी तयार होते. आमचा ड्रायव्हर तिच्यातून पाकीट, सुपारी, मोबाइल आणि एकदा चक्क एक लहानसा खरबूज काढताना मी पाहिला. माझी आजी ओच्यात असंच सगळं ठेवायची, भाजी निवडताना काढलेल्या शेंगांपासून वाण्याच्या सुट्या पैशांपर्यंत.

आणि शेवटचं पत्र, वहीच्या कागदावर, खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतल्या सहावीच्या मुलीचं: "बाई म्हणाल्या, शेजारच्या देशांची राष्ट्रीय चिन्हं लिहून आणा. भूतानची मला मिळाली नाहीत. तुम्ही नोटा आणल्या आहेत का?"

बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. लिहून घे.

भूतानचे लोक स्वतःच्या देशाला ‘द्रुक युल’ म्हणतात, म्हणजे गर्जणाऱ्या ड्रॅगनचा देश. झेंडा तिरका दुभागलेला आहे. वरचा पिवळा रंग राजाचा, खालचा नारिंगी धर्माचा. मधोमध पांढरा ड्रॅगन, त्याच्या पंजांत रत्नं. राष्ट्रीय फूल निळी पॉपी, खसखशीच्या जातीचं, उंच डोंगरावर पावसाळ्याच्या तोंडाला फुलतं. मला ते काही बघायला मिळालं नाही. राष्ट्रीय झाड सायप्रस, आपल्या सुरूसारखं सरळ वर जाणारं. राष्ट्रीय खेळ धनुर्विद्या. थिम्फूच्या चांगलिमिथांग मैदानावर मी तो पाहिला. लक्ष्य इतकं लांब असतं, जवळजवळ दीडशे मीटर, की बाण लागला की नाही हे मला कळायचंच नाही. तिकडची माणसं गाणं म्हणत नाचायला लागली की समजायचं, लागला.

राष्ट्रीय प्राणी ताकिन. डोकं बकरीचं, अंग गाईसारखं थोराड. त्याची गोष्ट अशी सांगतात: द्रुक्पा कुनले नावाच्या अवलियाला लोकांनी चमत्कार दाखव म्हटलं. त्यानं जेवायला एक अख्खी गाय आणि एक अख्खी बकरी मागितली, ती संपवली, मग बकरीचं डोकं गाईच्या हाडांवर ठेवून म्हणाला, जा चरायला. तो प्राणी उठला आणि गेला. थिम्फूजवळच्या राखीव रानात मी तारेपलीकडून ताकिन बघितला. त्यानं माझ्याकडे अगदी शांतपणे बघितलं.

राष्ट्रीय पक्षी कोणता सांगू? डोमकावळा. त्यांच्या राजाच्या मुकुटावर डोमकावळ्याचं डोकं असतं, देशाचं रक्षण करणाऱ्या देवाचं रूप म्हणून. आपण पितृपक्षात ज्याची वाट बघत पानं मांडून बसतो, त्याचा हा मोठा भाऊ. घरी आजीला सांगून बघ, तिला नवल वाटेल.

आता नोटा. पाचच्या नोटेवर तक्तसांग मठ आहे, तोच कड्यावरचा. दहावर पारोचा झोंग. पन्नासवर त्रोंग्साचा. पाचशेवर पहिले राजे उग्येन वांगचुक आणि मागे पुनाखा झोंग, कारण १७ डिसेंबर १९०७ ला तिथेच ते राजे झाले. म्हणून १७ डिसेंबर हा त्यांचा राष्ट्रीय दिवस. पुनाखा झोंग दोन नद्यांच्या संगमावर आहे. त्या नद्यांची नावं पो छू आणि मो छू, म्हणजे बापनदी आणि आईनदी. नोट हातात घेऊन मी त्या पुलावर उभी होते आणि खिडक्यांच्या ओळी एकेक करून जुळवून बघत होते. हजाराच्या नोटेवर आत्ताचे राजे आणि थिम्फूचा झोंग. ती माझ्याकडे नाही, खर्चून टाकली.

बाकीच्या आहेत. मंडिगेच्या डब्यात. दहाच्या एका नोटेला मधोमध घडी आहे, ती मीच पर्समध्ये कोंबल्यामुळे पडली. थिम्फूच्या दुकानातल्या त्या बाईनं दिली तेव्हा ती कोरी होती. तुझ्या बाईंना सांग, येत्या शनिवारी सकाळच्या शाळेला मी डबा घेऊन येते. पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकापर्यंत नोटा फिरवू. फक्त सगळ्यांनी हात धुऊन बसायचं, आणि दोन्ही हातांनी घ्यायच्या.